सीएमएस कुठलं घ्यावं? आधी ठरवा, सांभाळणार कोण

प्रश्न थोडक्यात असा आहे. छोटा सेवा व्यवसाय, यंत्रांची दुरुस्ती आणि देखभाल करणारा. वेबसाइटवर आठ-दहा पानं, केलेल्या कामांचे फोटो, चौकशीचा फॉर्म आणि अधूनमधून एखादा लेख. पुढेमागे सुटे भाग ऑनलाइन विकायचा विचार आहे. मजकूर बदलायचं काम ऑफिसातली एक सहकारी करणार, तिला कोडिंग येत नाही. तिघांना विचारलं तर तीन उत्तरं मिळाली. एकाने वर्डप्रेस सांगितलं, दुसऱ्याने विक्स नाहीतर स्क्वेअरस्पेस, आणि तिसरा डेव्हलपर म्हणाला की त्याचं स्वतःचं सीएमएस (वेबसाइटचा मजकूर सांभाळायचं सॉफ्टवेअर) आहे, ते या सगळ्यांपेक्षा वेगवान आणि सुरक्षित आहे. यातलं कुठलं घ्यावं?

मी पंधरा-सोळा वर्षं वेबसाइट्स बनवायचं आणि सांभाळायचं काम करतोय. आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांची सुटका होईल. महिन्यातून एकदा तासभर बसून साइटची देखभाल करणारं माणूस तुमच्याकडे असेल, पगारी असो की बाहेरचं, तर वर्डप्रेस घ्या. तसं माणूस नसेल आणि मिळायची चिन्हंही नसतील, तर विक्स-स्क्वेअरस्पेससारखी भाड्याची सेवा घ्या आणि वर्डप्रेसचं नाव काढू नका. तिसऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. का ते पुढे सांगतो, कारण त्या तिसऱ्याच्या जागी एकेकाळी मी स्वतः होतो.

सीएमएस निवडताना लोक तक्ते मांडून बसतात. कशात किती थीम (दिसण्याचे तयार साचे), कशात किती प्लगइन (वरून जोडायच्या जादा सोयी), कशात माउसने ओढून पान जुळवता येतं. त्यात वेळ घालवू नका. सीएमएस शेवटी करतं काय, तर मजकूर आणि फोटो एका जागी साठवतं, ते एका साच्यात ओतून पान तयार करतं, आणि ज्याला कोड कळत नाही त्याला लॉगिन करून तो मजकूर बदलू देतं. आठ-दहा पानांच्या साइटपुरती ही तिन्ही कामं आज कुठलंही नावाजलेलं सीएमएस नीट करतं. फरक पडतो तो दोन ठिकाणी. यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी कुणाची, आणि उद्या तिथून निघायचं ठरवलं तर आपलं सामान बरोबर नेता येतं का. ही दोन उत्तरं मी आजवर एकाही कोटेशनमध्ये लिहिलेली पाहिली नाहीत.

वर्डप्रेसपासून सुरुवात करू. मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ साली बी२ नावाच्या, वाली न उरलेल्या ब्लॉग सॉफ्टवेअरचा कोड घेऊन ते उभं केलं. आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक वेबसाइट्स त्यावर चालतात. हा आकडा मी चांगुलपणाचा दाखला म्हणून देत नाही. त्याचा उपयोग एवढाच की तुमची साइट करून देणारा उद्या फोन उचलेनासा झाला, तर ती हातात घेणारा दुसरा माणूस शोधायला वेळ लागत नाही. एक गोंधळ इथेच मिटवून टाका. वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून मिळतं ते सॉफ्टवेअर, जे आपण आपल्या होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवायला भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर, बसवतो. वर्डप्रेस डॉट कॉम ही त्याच सॉफ्टवेअरवर चालणारी भाड्याची सेवा आहे. पुढे मी 'वर्डप्रेस' म्हणेन तेव्हा पहिलं समजा.

आता 'वर्डप्रेस हॅक होतं' हे जे तुम्ही ऐकलं असेल, त्यात तथ्य आहे, पण पाणी मुरतं ते दुसरीकडे. जानेवारी २०१७ मध्ये ४.७.२ ही आवृत्ती आली. तिच्या आधीच्या ४.७.० आणि ४.७.१ मध्ये अशी त्रुटी होती की लॉगिन न करताही कुणी परक्या साइटवरचा लेख बदलू शकत होता. लोकांना अपडेट करायला सवड मिळावी म्हणून त्रुटीचा तपशील आठवडाभर मुद्दाम झाकून ठेवला होता. तो जाहीर झाला आणि काही दिवसांतच असंख्य साइट्सवरची पानं विद्रूप झाली. गंमत अशी की २०१३ मधल्या ३.७ आवृत्तीपासून असे छोटे सुरक्षा-अपडेट वर्डप्रेस आपोआप घेतं. म्हणजे फटका बसला तो मुख्यतः ज्यांनी ती सोय बंद करून ठेवली होती किंवा ज्यांच्या होस्टिंगवर ती चालत नव्हती त्यांना. बंद का करतात? तर अपडेटने साइट मोडेल या भीतीने. आणि ती भीती कुठून येते, तर प्लगइनच्या गर्दीतून.

मूळ वर्डप्रेसपेक्षा प्लगइनमध्येच बहुतेक त्रुटी सापडतात. सप्टेंबर २०२० मध्ये 'फाइल मॅनेजर' नावाच्या एका प्लगइनमधल्या त्रुटीतून हल्लेखोरांना थेट सर्व्हरवर फाइल चढवता येत होती, आणि ते प्लगइन तेव्हा सात लाखांहून अधिक साइट्सवर बसवलेलं होतं. ते करत काय होतं? फाइली पाहायची, हलवायची सोय देत होतं, जी होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये बहुधा आधीच असते. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या साइट्सवर पंचवीस-तीस प्लगइन असतात आणि त्यातल्या निम्म्यांचा मालकाला पत्ता नसतो. तुमच्यासारख्या साइटला सहा-सात पुरतात. फॉर्म, बॅकअप, एसईओ (गुगलच्या शोधात नीट दिसणं), कॅशे (पानं तयार ठेवून वेग वाढवणं), मेल पाठवणं, स्पॅम रोखणं. याहून अधिक कुणी सुचवलं तर प्रत्येकाचं कारण विचारा.

महिन्याच्या त्या एका तासात करायचं तरी काय? आधी बॅकअप घ्यायचा, आणि तो त्याच होस्टिंगवर ठेवायचा नाही. खातं बंद पडलं तर साइट आणि बॅकअप एकाच वेळी जातात, हे सांगूनही लोकांना पटत नाही, गेल्यावर पटतं. मग अपडेट. मग साइट उघडून चार पानं फिरून पाहायची, पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिची) आवृत्ती अजून सुरक्षा-अपडेट मिळणाऱ्यांत आहे ना हे पाहायचं, आणि स्वतः फॉर्म भरून मेल येतो का ते बघायचं. सहा महिन्यांतून एकदा तो बॅकअप दुसरीकडे उतरवून खरंच साइट उभी राहते का, हेही तपासायचं. न तपासलेल्या बॅकअपवर मी विसंबत नाही.

फॉर्मबद्दल जरा थांबून सांगतो, कारण छोट्या व्यवसायाच्या साइटचा सगळा जीव त्यात असतो आणि सीएमएसच्या चर्चेत त्याचं नावही निघत नाही. माझ्या एका ग्राहकाला वाटत होतं की मंदी आहे, म्हणून चौकश्या येत नाहीत. चार महिन्यांनी त्यांच्या जुन्या ओळखीच्या माणसाने फोन करून विचारलं, 'तुमच्या साइटवर दोनदा लिहिलं, उत्तर का नाही?' फॉर्म भरला की पडद्यावर धन्यवाद दिसत होतं, मेल मात्र पोचत नव्हता. फॉर्म मीच बसवला होता. पाठवणाऱ्याच्या जागी मी फॉर्म भरणाऱ्याचाच ईमेल पत्ता टाकला होता, म्हणजे आमचा सर्व्हर दुसऱ्याच्या नावाने मेल पाठवत होता. मेल घेणाऱ्या कंपन्या अशा मेलकडे बनावट म्हणून बघतात, आणि बरोबरच करतात. पाठवणारा पत्ता आपल्या डोमेनचा, म्हणजे साइटच्या स्वतःच्या नावाचा, हवा, भरणाऱ्याचा पत्ता 'उत्तर द्या'च्या रकान्यात हवा, मेल एसएमटीपीवरून, म्हणजे खऱ्या मेल-खात्यात लॉगिन करून, जायला हवा, आणि डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत) एसपीएफ आणि डीकेआयएमच्या, म्हणजे मेल खरंच आपलाच आहे हे पटवणाऱ्या, नोंदी हव्यात. शिवाय आलेली प्रत्येक चौकशी डेटाबेसमध्येही साठली पाहिजे. 'कॉन्टॅक्ट फॉर्म ७' हे फार वापरलं जाणारं प्लगइन स्वतःहून ती साठवत नाही, त्यासाठी त्याच लेखकाचं 'फ्लेमिंगो' वेगळं बसवावं लागतं. भाड्याच्या सेवांत फॉर्मची ही कटकट बरीच कमी असते, आणि त्यांच्या बाजूचा हा मोठा मुद्दा मी मोकळेपणाने मान्य करतो.

वर्डप्रेसच्या राज्यात सगळं आलबेल असतं असंही नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मुलनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांच्यात जुंपली, आणि त्या होस्टिंगवरच्या साइट्सना वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून अपडेट मिळणं काही काळ थांबलं. प्रकरण कोर्टात गेलं. पण ज्यांची साइट त्या भांडणात सापडली, त्यांना वाटलं असतं तर आपल्या फाइली आणि डेटाबेस उचलून दुसऱ्या होस्टिंगवर त्याच दिवशी जाता येत होतं. सॉफ्टवेअर जीपीएल परवान्याचं, म्हणजे कुणालाही वापरायला आणि बदलायला मोकळं, मजकूर आपल्या डेटाबेसमध्ये. माझा कल वर्डप्रेसकडे आहे तो याच कारणाने. बाकी त्याचा डॅशबोर्ड मला स्वतःला फारसा आवडत नाही.

आता भाड्याच्या सेवा. विक्स, स्क्वेअरस्पेस, शॉपिफाय, वेबफ्लो ही त्यातली मोठी नावं. इथे सर्व्हर त्यांचा, अपडेट त्यांचे, सुरक्षा त्यांची. रात्री दोन वाजता साइट बंद पडली तर जागं राहायचं त्यांनी. ज्या व्यवसायात साइटकडे बघायला कुणालाच वेळ नाही, तिथे हे भाडं स्वस्तच म्हणायचं. दोन वर्षं अपडेट न केलेल्या वर्डप्रेसपेक्षा दोन वर्षं हात न लावलेली स्क्वेअरस्पेसची साइट कधीही बरी. हे मी वर्डप्रेसवर पोट भरणारा माणूस म्हणून सांगतोय.

मात्र आत शिरण्याआधी दाराची दुसरी बाजू बघून ठेवा. विक्सवर बांधलेली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही, हे ते स्वतःच आपल्या मदतपानांवर सांगतात. स्क्वेअरस्पेस लेख आणि साधी पानं वर्डप्रेसला वाचता येईल अशा एक्सएमएल फाइलमध्ये देतं, पण मांडणी येत नाही आणि काही प्रकारची पानं मागेच राहतात. शॉपिफायमधून उत्पादनं, ग्राहक आणि ऑर्डर सीएसव्ही फाइलमध्ये निघतात, तिथली थीम दुसरीकडे चालत नाही. वेबफ्लो पैसे भरणाऱ्याला पानांचा कोड (एचटीएमएल आणि सीएसएस) उतरवून घेऊ देतं, पण उतरवलेल्या साइटमध्ये त्यांचं सीएमएस आणि त्यांचे फॉर्म चालत नाहीत. आठ पानांची साइट असेल तर यात घाबरण्यासारखं काही नाही, मजकूर हाताने कॉपी करून दोन दिवसांत दुसरीकडे नेता येतो. तीनशे लेख आणि चारशे उत्पादनं झाली की घोडं पेंड खातं.

घरमालक घरच बंद करू शकतो, हेही ध्यानात ठेवा. याहूची जिओसिटीज ही फुकट वेबसाइटची सेवा २००९ मध्ये बंद झाली ही जुनी गोष्ट झाली. पण गुगलने बिझनेस प्रोफाइलमधून (गुगलवरच्या व्यवसायाच्या नोंदीतून) फुकट बनवून दिलेल्या वेबसाइट्स मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. १० जूनपर्यंत त्या पत्त्यावर येणाऱ्याला प्रोफाइलकडे वळवलं जात होतं, नंतर तो पत्ताही चालेना. ज्यांच्या कार्डावर, गाडीवर, बिलावर तो फुकटचा पत्ता छापलेला होता त्यांची पंचाईत झाली. ज्यांनी स्वतःचं डोमेन घेऊन तिकडे जोडलं होतं, त्यांनी नवी साइट उभारून डोमेन तिकडे वळवलं आणि येणाऱ्याला फरकही कळला नाही.

म्हणून सीएमएस कुठलंही घ्या, डोमेन आधी स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या खात्यातून घ्या. साइट बनवणाऱ्याला 'तुम्हीच घेऊन टाका' म्हणू नका. तो फसवणारच असतो असं नव्हे. पण तो धंदा बदलतो, आजारी पडतो, त्याचा जुना ईमेल बंद होतो आणि नूतनीकरणाची आठवण त्या बंद ईमेलवर जात राहते. होस्टिंगचं खातं, सीएमएसचा मुख्य लॉगिन, साइट कशी शोधली-पाहिली जाते ते दाखवणाऱ्या गुगलच्या सर्च कन्सोल आणि अ‍ॅनालिटिक्सचं खातं, विकत घेतलेल्या थीमचा परवाना, हे सगळंही तुमच्या नावावर हवं. त्याला हवा तेवढा प्रवेश द्यावा, मालकी देऊ नये.

आता तो तिसरा डेव्हलपर. त्याच्यावर मी रागावू शकत नाही, कारण सुरुवातीच्या वर्षांत मीही स्वतःचं सीएमएस लिहिलं होतं आणि सहा ग्राहकांना दिलं होतं. हलकं होतं, वेगवान होतं, आणि त्यावर हल्ले होत नसत, कारण असं काही अस्तित्वात आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. त्याला मी सुरक्षितता म्हणत असे. डेटाबेसशी बोलायला पीएचपीमधली जुनी मायएसक्यूएल फंक्शनं वापरली होती. डिसेंबर २०१५ मध्ये पीएचपी ७ आलं आणि त्यातून ती काढून टाकली गेली. तसं होणार ही सूचना २०१३ पासून होती, मी ती वाचलीही होती. पण जुन्या ग्राहकांच्या चालू साइटला हात लावायचे पैसे कोण देणार, म्हणून राहून गेलं. पुढे होस्टिंगवाल्यांनी जुनं पीएचपी बंद केलं त्या सकाळी सहाही साइट्स पांढऱ्याफटक. वर्डप्रेसमध्येही तीच जुनी फंक्शनं होती, पण तिथे अनेक लोकांनी मिळून एप्रिल २०१४ च्या ३.९ आवृत्तीतच नव्या पद्धतीची सोय करून ठेवली होती आणि साइटमालकांना त्याचा पत्ताही लागला नाही. माझ्याकडे मी एकटा होतो. दोन आठवडे झोप उडाली, आणि त्यातल्या पाच साइट्स मी पदरमोड करून वर्डप्रेसवर नेल्या. सहावा ग्राहक तोवर दुसऱ्याकडे गेला होता.

तुमचा डेव्हलपर माझ्यापेक्षा हुशार असेलही. तरी त्याला विचारा की तो महिनाभर उपलब्ध नसेल तर साइटवर कोण काम करू शकेल, डेटाबेसची पूर्ण प्रत मला मागेन तेव्हा मिळेल का, आणि कोडवर माझा हक्क काय राहील. सगळ्यांची उत्तरं लेखी आणि समाधानकारक आली तर माझं मत बाजूला ठेवा.

निवड वर्डप्रेसवर आली तरी त्याच्या आत आणखी एक निवड दडलेली असते आणि ती बहुतेक वेळा ग्राहकाला न विचारताच होते. पानं कशात बांधणार? डिसेंबर २०१८ च्या ५.० आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्ये ब्लॉक एडिटर, म्हणजे तुकड्या-तुकड्यांनी पान मांडायची त्याची स्वतःची सोय, आली. त्याआधीपासून आणि त्यानंतरही एलिमेंटर, डिवी अशा पेज बिल्डरची, म्हणजे पान जुळवायच्या बाहेरच्या प्लगइनची, चलती आहे. बनवणाऱ्याचं काम त्यांनी झटपट होतं. पण एलिमेंटर बंद केलंत तर मजकूर राहतो आणि मांडणी विस्कटते. डिवीच्या जुन्या आवृत्त्यांत बांधलेलं पान तर डिवी काढल्यावर चौकोनी कंसांतल्या कोडच्या ओळींनी भरून जातं, त्यातून तुमचं वाक्य शोधून काढावं लागतं. म्हणजे मोकळ्या सॉफ्टवेअरमध्ये राहूनही आपण एका कंपनीच्या खुंटीला बांधले जातो. आठ पानांना ब्लॉक एडिटर आणि एखादी साधी, नियमित अपडेट होणारी थीम पुरेशी आहे. कोटेशनमध्ये हे लिहून घ्या. बनवणारा कुरकुरेल, कुरकुरू दे.

साइट एकाहून जास्त भाषांत हवी असेल तर एक गोष्ट आधी कळलेली बरी. वर्डप्रेसमध्ये एकच लेख दोन भाषांत ठेवायची सोय मुळात नाही, पॉलिलँग किंवा डब्ल्यूपीएमएलसारखं प्लगइन लागतं. जुमला आणि ड्रुपल या दुसऱ्या मोफत सीएमएसमध्ये ती अंगभूत आहे. आणि देवनागरीसारख्या लिपीत शीर्षक लिहिलं की वर्डप्रेस पानाचा पत्ताही त्याच लिपीत बनवतं. आतून मात्र प्रत्येक अक्षरचिन्हाची नऊ रोमन चिन्हं होतात, आणि पत्त्याच्या त्या तुकड्याला डेटाबेसमध्ये दोनशे चिन्हांचीच जागा आहे. म्हणजे काना-मात्रा धरून बावीसेक चिन्हांनंतर पत्ता मध्येच तुटतो. कुणाला पाठवला तर टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसते ती वेगळीच. पत्ता छोट्या रोमन अक्षरांत स्वतः लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, कारण नंतर पत्ते बदलले तर जुन्या प्रत्येक पत्त्यावरून नव्याकडे ३०१ रीडायरेक्ट लावत बसावं लागतं.

वेगाबद्दल फार काळजी करू नका. गुगलच्या मोजमापात पानावरचा सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांत दिसायला हवा, दाबल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत यायला हवा आणि पान लोड होताना मजकूर इकडेतिकडे उडू नये. हे वर्डप्रेसवरही जमतं आणि विक्सवरही. बिघडतं ते मोबाइलवर काढलेले चार-पाच एमबीचे फोटो जसेच्या तसे चढवल्याने, आणि मुखपृष्ठावर सरकणाऱ्या चित्रांचा स्लायडर लावल्याने. तुमच्या साइटवर कामाचे फोटो भरपूर असणार, तेव्हा चढवण्याआधी ते लहान करायचं सहकाऱ्याला शिकवा. सीएमएस बदलून जेवढा वेग मिळेल त्याहून जास्त त्यातून मिळेल.

बाकीच्यांबद्दल दोन-दोन ओळी. ड्रुपल भक्कम आहे, पण तुमच्या कामाला नाकापेक्षा मोती जड. ड्रुपल ७ वरून ८ वर जाणं म्हणजे साइट जवळजवळ नव्याने बांधणं होतं, आणि ७ चा आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला तेव्हा कित्येक छोट्या संस्था तिथेच अडकलेल्या होत्या. जुमला वाईट नाही, पण आज त्यात रोज काम करणारं माणूस शोधायला वेळ लागतो. जेकिल, ह्यूगोसारखे स्टॅटिक साइट जनरेटर (सगळी पानं आधीच तयार करून ठेवणारी साधनं) मला सर्वांत प्रिय, माझी स्वतःची साइट ह्यूगोवर आहे. डेटाबेस नाही, लॉगिन नाही, हॅक करायला फारसं काही नाही, होस्टिंगही जवळपास फुकट. पण मजकूर बदलायला मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर लिहायची पद्धत) आणि गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) यावं लागतं. तुमच्या सहकाऱ्याच्या गळ्यात ते घालणं अन्याय होईल. वर्षातून दोनदाच बदल होणार असता आणि ते बनवणाऱ्यानेच करायचे असते, तर मी तुम्हाला दुसरं काही सुचवलंच नसतं.

सुटे भाग विकायचं म्हणाल, तर आज त्या विचाराने सीएमएस ठरवू नका. 'पुढे दुकान करायचंय' म्हणून पहिल्याच दिवशी वूकॉमर्स (वर्डप्रेसवर दुकान उभारायचं प्लगइन) बसवलेल्या आणि तीन वर्षांत एकही ऑर्डर न आलेल्या साइट्स मी अनेक पाहिल्या आहेत. तो भार उगाच वाहावा लागतो, आणि अपडेटही करत राहावे लागतात. विक्री खरोखर सुरू करायची वेळ आली की दोन रस्ते असतात. वर्डप्रेसवर असाल तर वूकॉमर्स जोडायचं, किंवा मुख्य साइट आहे तशी ठेवून दुकान शॉपिफायवर उघडायचं आणि आपल्याच डोमेनच्या एका सबडोमेनवर (डोमेनच्या आधी एक शब्द जोडून होणाऱ्या उपपत्त्यावर) लावायचं. वीस-पंचवीस प्रकारचे भाग असतील तर मी दुसरा रस्ता घेईन. ऑर्डर, परतावे, साठ्याचा हिशेब आणि कर यांचा गुंता वेबसाइटच्या देखभालीहून वेगळा आहे, आणि त्या महिन्याच्या तासात तो मावत नाही. दोन्ही रस्त्यांत कार्डाचे तपशील मात्र आपल्या सर्व्हरवर घ्यायचे नाहीत, ते पेमेंट गेटवेच्याच पानावर भरले जाऊ द्यायचे.

ठरवण्याआधी एक दुपार यासाठी काढा. स्क्वेअरस्पेस आणि विक्स दोन्हींत पैसे न भरता वापरून पाहता येतं, आणि वर्डप्रेसची चाचणी-साइट बनवणारा तासाभरात उभी करून देतो. मग साइट सांभाळणाऱ्या त्या सहकाऱ्याला शेजारी बसवा आणि तीन कामं सांगा. सेवांच्या पानावरचं एक वाक्य बदलणं, नव्या कामाचे चार फोटो ओळींसह टाकणं, आणि चुकून पुसलेला परिच्छेद परत आणणं. तुम्ही तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, माउसला हात लावायचा नाही. ती कुठे अडते, कुठे घाबरते, कुठे 'हे दाबलं तर जाईल का सगळं?' असं विचारते, ते लिहून ठेवा. तिसऱ्या कामात बहुतेकांची तारांबळ उडते. वर्डप्रेसमध्ये प्रत्येक जतन केलेली जुनी प्रत 'रिव्हिजन' म्हणून राहते आणि एका बटणावर परत येते, पण ते बटण कुठे आहे हे कुणीतरी दाखवावं लागतं.

हे सगळं करण्याच्याही आधी आठही पानांचा मजकूर एका साध्या डॉक्युमेंटमध्ये लिहून काढा. माझी रखडलेली कामं आठवली तर त्यातली बरीचशी मजकूर न आल्याने रखडली, सीएमएसमुळे एखाद-दुसरंच. ते डॉक्युमेंट हातात असेल तर बनवणाऱ्याला नेमकं कोटेशन देता येतं, तिन्ही सल्लागारांची तुलना एकाच मापाने होते, आणि उद्या कुठलीही सेवा बंद पडली तरी साइटमधला मजकूर तुमच्या कॉम्प्युटरवर असतो. सहकाऱ्यालाच लिहायला बसवा. सांभाळायचं तिलाच आहे.